ठोकलं डावीकडे, घासतंय उजवीकडे : जुन्या पिकअपच्या मागच्या बंपरची पूर्ण केस

गाडी बोलेरो पिकअप, २०११ ची, नाशिकच्या मखमलाबादमधल्या आमच्या शेजारच्या आप्पांची. द्राक्षं, टोमॅटो, मधेच खताच्या गोण्या, जे असेल ते वाहून हौद्याचा पत्रा खालून सडत आलाय पण चेसी अजून ठणठणीत. मागचा बंपर कंपनीचा नाही, आधीच्या मालकाने बॉडीवाल्याकडून बनवून घेतलेला आहे, ४ मिमी पत्रा 'सी' आकारात वळवलेला, लांबी १५०० मिमी, चेसीच्या दोन्ही लांब चॅनलच्या टोकाला ६ मिमी प्लेटची एकेक ब्रॅकेट आणि प्रत्येक ब्रॅकेटला दोन बोल्ट. एवढंच सगळं. मी अंबडला फॅब्रिकेशनमध्ये आहे म्हणून आप्पांनी मला बोलावलं, नाहीतर गाडी थेट वडाळा नाक्याच्या गॅरेजवाल्यांकडेच जाणार होती.

झालं असं की दिंडोरी रोडच्या मार्केट यार्डात संध्याकाळच्या लिलावाच्या गर्दीत रिव्हर्स घेताना क्लीनर साइडचा कोपरा ओट्याला लागला. स्पीड काहीच नव्हता, माणूस चालतो तेवढा, पण गाडी कॅरेटने भरलेली होती आणि भरलेली पिकअप अडीच टनाच्या पुढे जाते, त्यामुळे हळू लागलं म्हणजे कमी लागलं असं होत नाही. बाहेरून बघितलं तर डावं टोक थोडं आत गेलेलं, रंग उडालेला, बाकी कोणी म्हणेल की हे तर काहीच नाही, असंच चालू द्या.

आप्पांची तक्रार पण बंपर वाकला ही नव्हतीच. "बंपर गेला खड्ड्यात रे, मला फाळका खाली सोडता आला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, उघडून खाली सोडला की तो सरळ लोंबायच्या ऐवजी बंपरवर टेकत होता आणि तिरका अडकून राहत होता, आणि गंमत म्हणजे टेकत होता उजव्या बाजूला, ड्रायव्हर साइडला. ठोकलं डावीकडे आणि घासतंय उजवीकडे. असा अडकलेला फाळका वरून हलका दिसतो पण त्यावर हमालाने कॅरेट ठेवलं की सगळा जोर बिजागरीवर येतो, आणि उजव्या बिजागरीची पिन वाकायला लागलीच होती.

मग सल्ले सुरू झाले, ते तर होणारच. यार्डातला एक हमाल म्हणाला, "झाडाला साखळी बांध भो, फर्स्ट टाक आन दे झटका, आपोआप भायेर येईल." एका डेंटर चाचांनी फोटो बघून सांगितलं की गॅसवर लाल करून घणाने बसवून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा. आणि आप्पांचा मुलगा म्हणे नवीनच बनवून टाकू ना, जाड पाइपचा, परत वाकायचाच नाही. तिन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती, तिघांनीही धरूनच चाललं होतं की बंपर वाकलाय. बंपर दिसतो म्हणून बंपरच वाकला असणार, असं.

माझं डोकं मात्र त्या उजव्या बाजूवर अडकलं होतं. डावीकडून मार बसला आणि नुसता बंपरचा कोपराच वाकला असता तर उजव्या बाजूला काही फरक पडायचं कारणच नाही. उजवं टोक बाहेर आलंय म्हणजे अख्खा बंपर कुठेतरी फिरलाय. म्हणून हातोडा उचलायच्या आधी माप घेतलं, आणि या केसमध्ये खरं काम तिथेच झालं, पुढचं सगळं हमाली.

माप घ्यायची पद्धत जुनीच, गवंडी वापरतात तो ओळंबा. गाडी रिकामी करून सपाट कोब्यावर उभी केली, दोन्ही बाजूच्या टायरमध्ये हवा सारखी, चाकांना दगड. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) मागच्या हँगरच्या दोन पिना, चेसीची दोन टोकं, ब्रॅकेटजवळ बंपरवर दोन ठिकाणं आणि बंपरची दोन टोकं, प्रत्येक ठिकाणाहून ओळंबा सोडून खाली खडूने खूण केली आणि मग गाडी पुढे ढकलली. आता जमिनीवर गाडीचा नकाशाच तयार. हँगरच्या दोन पिनांच्या खुणा जोडून एक रेघ मारली आणि त्या रेघेपासून मागे सगळी अंतरं मोजली. गाडीखाली घुसून टेप धरत बसलं तर टेप कुठेतरी पाइपला अडतोच, वाकडा होतो, आणि माप चुकतं, जमिनीवर ती भानगड नाही.

उजव्या ब्रॅकेटजवळचं माप प्रमाण धरलं, कारण तिथे चेसीच्या टोकापासूनचं अंतर बरोबर होतं. त्याच्या तुलनेत डाव्या ब्रॅकेटजवळ बंपर ३० मिमी आत, डावं टोक ५५ मिमी आत, आणि उजवं टोक १५ मिमी बाहेर.

आता हिशोब बघा. दोन ब्रॅकेटमधलं अंतर ७५० मिमी, ब्रॅकेटच्या बाहेर दोन्हीकडे ३७५-३७५ मिमी बंपर लोंबतोय. उजव्या ब्रॅकेटपाशी खिळा ठोकलाय आणि बंपर त्याच्याभोवती फिरलाय असं धरा. ७५० मिमीवर ३० मिमी, म्हणजे दर २५ मिमीला १ मिमी. मग उजवं टोक खिळ्यापलीकडे ३७५ वर आहे, ते १५ मिमी बाहेर यायला हवं, आणि मोजलं तर १५ च आलं. डावं टोक खिळ्यापासून ११२५ वर, तिथे ४५ यायला हवं होतं, आलं ५५. म्हणजे बंपरचा स्वतःचा बाक फक्त १० मिमी, बाकी ४५ मिमी हे सगळं डावी ब्रॅकेट आत गेल्यामुळे. खात्रीसाठी बंपरच्या मागच्या तोंडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणून बघितली, उजवीकडून डाव्या ब्रॅकेटपर्यंत पत्रा सरळ होता आणि तिथून पुढेच सुटत गेलेला.

डेंटर चाचांनी गॅसवर लाल करून डावं टोक जरी अगदी सुतात आणलं असतं ना तरी उजवं टोक जिथल्या तिथे १५ मिमी बाहेर राहिलं असतं आणि फाळका घासतच राहिला असता. वर बंपर दिसायला सरळ पण गाडीला तिरका. चाचांची कारागिरी वाईट असं अजिबात नाही, त्यांना फोटो दाखवला होता आणि फोटोत ब्रॅकेट दिसतच नाही.

साखळी आणि झाडाचा उपाय आपल्याकडे इतका सर्रास चालतो की त्यावर थोडं बोललंच पाहिजे. सैल साखळीला गाडीने झटका दिला की साखळी ताठ होते त्या क्षणाला येणारा जोर गाडीच्या नेहमीच्या ओढीच्या कितीतरी पट असतो आणि तो किती आला हे कोणालाच कळत नाही. हूक निसटला किंवा कडी तुटली तर साखळी मागे उसळते, केबिनची मागची काच किंवा बघत उभं असलेलं पोरगं, काहीही मध्ये येऊ शकतं. आणि समजा निसटली नाही, तरी लोखंड कुठे थांबायचं ते तुम्हाला विचारत नाही, ते जिथे सगळ्यात कमकुवत तिथे वाकतं. या गाडीत सगळ्यात कमकुवत जागा नेमकी कुठली होती ते पुढे येतंय.

चेसीचं आधी बघून घेतलं, कारण चेसीच वाकली असती तर हा विषय माझ्या हातातला राहिला नसता. डाव्या हँगर पिनेपासून उजव्या चेसी टोकापर्यंत आणि उजव्या पिनेपासून डाव्या टोकापर्यंत असे दोन कर्ण मोजले, फरक २ मिमी. एवढ्या जुन्या, एवढी ओझी वाहिलेल्या गाडीत २ मिमी म्हणजे काहीच नाही. मग तडा शोधायला घासलेट आणि खडू. वायर ब्रशने जागा चकचकीत घासायची, घासलेट लावून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसून घ्यायचं आणि वरून खडू घासायचा किंवा पातळ चुना लावायचा. तडा असेल तर आत मुरलेलं घासलेट हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. चेसीच्या चॅनलवर काही उमटलं नाही. डाव्या ब्रॅकेटवर मात्र जिथे आडवी प्लेट उभ्या प्लेटला वेल्ड केलीय तिथे जोडाच्या कडेने चांगली बोटभर रेघ आली.

म्हणजे ती कमकुवत जागा हीच. झटका दिला असता तर ब्रॅकेट फाटून बंपर लोंबकळला असता. आणि म्हणूनच ब्रॅकेट सरळ करायचा विषय तिथेच संपला. एकदा वाकलेली प्लेट थंडी असताना उलटी वाकवली की त्या घडीपाशी लोखंड कडक होतं आणि ठिसूळपणाकडे जातं, नुसता बाक असता तर एकवेळ चाललं असतं पण तडा असताना नाही. ६ मिमी प्लेटचा तुकडा आणि तासाभराचं काम, त्याच्यासाठी जुनं लोखंड गोंजारत बसण्यात अर्थ नाही. नवीन ब्रॅकेट करायची आणि बंपर सरळ करून तोच वापरायचा, हे ठरलं.

बोल्ट काढणं हा नेहमीसारखाच सगळ्यात कंटाळवाणा भाग. खताच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीला मागून गंज जरा जास्तच लागतो, खतातला क्षार ओल धरून ठेवतो आणि बोल्टच्या आट्यात जाऊन बसतो. रात्री डब्ल्यूडी-४० मारून ठेवलं, सकाळी परत मारलं, थोडं पुढे थोडं मागे असं करत उजवे दोन्ही सुटले. डावीकडचा वरचा सुटला, खालचा पाना लावताच मानेत तुटला, ते एका अर्थी बरंच झालं. तुटलेला भाग ग्राइंडरने आणि पंचने काढला. इथे गॅस आणायची घाई बरेच जण करतात, पण चेसीच्या टोकालाच टेल लाइटची वायरिंग गेलेली असते, जरा पुढे ब्रेकचा पाइप आणि डिझेल टाकी, चार बोल्टसाठी तिथे आग न्यायची गरज नाही.

बंपर खाली उतरवल्यावर उजवी ब्रॅकेट नीट दिसली. वाकलेली नव्हती पण तिची भोकं लांबट झाली होती, वर्षानुवर्ष बोल्ट ढिले राहून हलत राहिल्यामुळे. बंपर त्या खिळ्याभोवती फिरला कसा याचं उत्तर ते. ती पण बदलून टाकावी असं मला वाटत होतं, पण तिची प्लेट चांगली होती म्हणून भोकांवर दोन्ही बाजूने जाड चौकोनी वॉशर वेल्ड करून त्यात १२ मिमी बोल्टचं नवीन भोक पाडलं. डावी ब्रॅकेट हिच्याच नमुन्यावर, उलटी करून. भोकं ड्रिलने पाडली, गॅसने फोडलेलं भोक कधी गोल राहत नाही आणि त्याच्या कडेपासूनच पुढे तडे जातात. वेल्डिंग साध्या ६०१३ च्या ३.१५ मिमी काडीने, दोन्ही प्लेटांना आधी कड तासून, म्हणजे माल आतपर्यंत उतरेल. हे सगळं टेबलावर केलं, गाडीवर नाही. चेसीला डायरेक्ट ब्रॅकेट वेल्ड करून टाका असंही एकाने सुचवलं होतं, ते करू नका, चॅनलच्या कडेला वेल्ड मारला की तिथूनच पुढे चेसी तडकायला सुरुवात होते, बोल्टची ब्रॅकेट बोल्टचीच ठेवायची. गाडीवर काही वेल्ड करायचंच असेल तर बॅटरीची केबल आधी काढायची, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड उडतात.

आता तो १० मिमी. दुकानातल्या प्रेसखाली दोन टेकू ठेवून बंपर आडवा टाकला, एक टेकू डाव्या ब्रॅकेटच्या जागेच्या उजवीकडे, एक टोकापाशी, बाकाचा फुगवटा वर. प्रेस नसेल तर चॅनलच्या चौकटीत बाटली जॅक बसवूनही हेच होतं, वेळ जास्त लागतो. 'सी' आकाराच्या पत्र्याची एक खोड असते, त्याच्यावर नुसता दाब दिला की तो सरळ व्हायच्या आधी त्याचे ओठ फाकतात किंवा आत मिटतात. म्हणून आतल्या पोकळीत मापात कापलेला बाभळीचा ठोकळा घट्ट बसवला आणि प्रेसच्या तोंडाखाली पण लाकडाची फळी ठेवली, नाहीतर १० मिमी सरळ करायच्या नादात मधोमध खळगा पडतो आणि मग तो भरायला लांबी, म्हणजे पुट्टी.

दाबलं की लोखंड परत येतं, हे नवीन माणसाला पटत नाही. बरोबर सरळ होईपर्यंत दाबलं आणि सोडलं तर बराचसा बाक परत आला. मग सरळच्या पुढे थोडं, सोडून सुतळी लावायची, अजून थोडं पुढे, परत सुतळी. शेवटी सरळ रेषेच्या ७-८ मिमी पलीकडे नेऊन सोडल्यावर तो ३ मिमीवर थांबला. तिथे मी थांबलो. आप्पांचा मुलगा म्हणाला, "दादा, तेवढं पण काढून टाक ना." पण दर वेळी त्याच जागी दाबत राहिलं की पत्रा तिथे कडक होतो आणि सरळ होण्याऐवजी शेजारी दुसरा बाक धरतो, एका बाकाचे दोन होतात. ३ मिमी फाळक्याला कळत नाही, आणि बघणाऱ्याला तर मुळीच नाही. गॅसची गरज कुठेच पडली नाही. ४ मिमीच्या साध्या पत्र्याला अशा लहान बाकासाठी गरम केलं की फायदा कमी आणि रंग, ओठ, सरळपणा सगळंच परत करायचं काम जास्त.

एक अडचण नंबर प्लेटची होती. ती बंपरवरच मधोमध होती, नवीन एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट), स्नॅप लॉकवाली. ते लॉक एकदाच बसतं, तोडलं की प्लेट परत तशी लागत नाही, नवीन मागवावी लागते. म्हणून प्लेट काढलीच नाही, पुठ्ठा आणि चिकटपट्टीने झाकून ठेवली, बाक टोकाला असल्यामुळे प्रेसखाली तिचा संबंध येत नव्हता. ज्यांच्या गाडीत नेमकं प्लेटच्या मागेच वाकलंय त्यांनी आधी नवीन प्लेटचं बुकिंग करून मगच हात घालावा.

रंगाचं थोडक्यात. वायर ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, जिथे गंज खोल होता तिथे रस्ट कन्व्हर्टर, त्यावर रेड ऑक्साईड, वाळल्यावर काळ्या इनॅमलचे दोन हात. आतल्या बाजूला पण, लोक बाहेरून चमकवतात आणि गंज आतून खातो. लांबी मुद्दाम भरली नाही, बंपरला रोज कुठेतरी टेकणं-घासणं आलंच, लांबीची खपली निघते आणि खाली पाणी साचतं. खरचटलेल्या खुणा राहिल्यात, राहू देत.

बसवताना ८.८ ग्रेडचे १२ मिमी बोल्ट, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज ढिले न होणारे), दोन्हीकडे जाड वॉशर. चारही बोल्ट आधी हातानेच, मग फाळका सोडून बघायचं, दोन्ही बाजूची फट सारखी करायची आणि मगच आवळायचं, साधारण ८० न्यूटन-मीटरला. डावीकडे एक पातळ पत्र्याची चकती टाकावी लागली. टेल लाइटची अर्थची वायर डाव्या ब्रॅकेटच्या बोल्टखाली होती, तिच्या थिंबलखालचा (टोकाच्या कडीखालचा) नवीन रंग खरवडून काढला आणि वर ग्रीस लावलं, नाहीतर रंगावर अर्थ मिळत नाही, लाइट मंद लागतो आणि माणूस बल्ब बदलत बसतो.

मुलाच्या जाड पाइपच्या गार्डबद्दल मात्र मी सरळ नाही म्हटलं. एक तर डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुलबार लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या विरुद्ध आहे असं राज्यांना कळवलेलं आहे, आणि आठ वर्षांच्या पुढची मालवाहू गाडी म्हणजे फिटनेस दरवर्षी, तिथे मागे काय काय लोंबतंय हे बघतातच. लाल रिफ्लेक्टर पट्टी पण त्याच कारणाने नवीन लावली, जुनी ओट्याला घासून अर्धी गेली होती. पण कायदा बाजूला ठेवला तरी या केसमध्ये ब्रॅकेटने जे केलं ते फ्यूजसारखं केलं, ती वाकली, तडकली आणि चेसीचे कर्ण जागेवर राहिले. बंपर न वाकणारा केला असता तर तोच मार चेसीच्या टोकाला गेला असता आणि चेसीची ब्रॅकेट बनवून मिळत नाही. नवीन ब्रॅकेट मी म्हणूनच जुन्याच जाडीची केली, १० मिमीची प्लेट दुकानात पडलेली होती तरी.

खर्च सगळा मिळून दोन हजारांच्या आत, त्यात पण रंग आणि बोल्टच जास्त. फाळका आता सरळ लोंबतो, दोन्ही बाजूला बोट जाईल एवढी फट आहे. पहिला माल टाकून आल्यावर बोल्ट परत तपासले, डावा वरचा थोडासा फिरला, बाकीचे जागेवर. उजव्या बिजागरीची वाकलेली पिन अजून तशीच आहे, ती काढायला फाळकाच उतरवावा लागेल, आणि आप्पा म्हणतात आधी द्राक्षाचा सीझन उरकू दे.